माझा गलाईवाला मामा

गुरुजींनी या वेळच्या भित्तिपत्रकासाठी 'मला आवडणारी व्यक्ती' हा विषय दिला आहे. वर्गातल्या पुष्कळ मुलामुलींनी आईवर लिहिले आहे. दोघांनी तर गुरुजींवरच लिहिले आहे. मी माझ्या मामावर लिहीत आहे. माझा मामा या पौष महिन्यात वारला. गुरुजींनी मला जवळ बोलावून विचारले, "तुला जमेल का?" मी हो म्हटले. पालकसभेला माझी आई येईल तेव्हा ती हे वाचेल. आई, तू सगळ्यांसमोर रडू नकोस. यात एक गोष्ट आहे, ती मी तुला अजून पुरती सांगितलेली नाही.

आमचे गाव सातारा जिल्ह्यात, कराड तालुक्यात, कृष्णेच्या काठाला आहे हे तुम्हां सर्वांना माहीतच आहे. माझे आजोळ मात्र सांगली जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात आहे. तिकडे जायचे म्हणजे कराडहून विट्याची एस. टी. धरायची आणि विट्याला उतरून दुसरी एस. टी. धरायची. कराड सोडले की आधी ऊस लागतो. मग हळूहळू ऊस कमी होतो, बाभळी दिसू लागतात, मेंढरे दिसू लागतात आणि मग नुसता माळ. माळ लागला की आई खिडकीतून बाहेर बघत बसते. ती तेव्हा कुणाशी बोलत नाही.

मामा आणि माझे बाबा यांचे जिल्ह्यावरून नेहमी भांडण चाले. खरे भांडण नव्हे, गमतीचे. बाबा म्हणायचे, "तुम्ही सांगलीवाले." मामा म्हणायचा, "दाजी, आम्ही बी सातारकरच. तुम्हीच आम्हांला वायलं काढलं." ते खरे आहे. पूर्वी दोन्ही मिळून एकच सातारा जिल्हा होता. १९४९ साली त्याचा दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. मामा मला म्हणायचा, "यशवंतराव चव्हाण बी तुझ्यावाणीच. आजोळ देवराष्ट्र्याला आन् नांदले कराडला." यशवंतरावांचा जन्म १२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे येथे त्यांच्या आजोळी झाला. देवराष्ट्रे आता सांगली जिल्ह्यात आहे. म्हणून मामा म्हणायचा की आजोळाला नावे ठेवायची नाहीत, तिथूनच मोठी माणसे निघतात. मी मोठी होणार असे त्याला वाटत असावे.

आता मामा काय करायचा ते सांगते. तो गलाईवाला होता. आपल्या गावात गलाई कुणी करत नाही म्हणून काही मुलांना ते माहीत नसेल. विटा, खानापूर, आटपाडी या भागातली माणसे सगळ्या देशात जाऊन सोने-चांदी शुद्ध करायचे काम करतात. तामिळनाडू, केरळ, बंगाल, जिथे सोनार आहेत तिथे विट्याकडचा कोणी ना कोणी असतोच असे मामा सांगायचा. याचे कारण दुष्काळ. आजी सांगते की १९७२ च्या दुष्काळात ती नवी नवरी होती आणि सासरी आल्या आल्या खडी फोडायला गेली. तिथे सुकडी मिळायची. विहिरीला पाणी नव्हते, जनावरे विकून टाकली. असे दुष्काळ पुढेही पडत राहिले. मग घरटी एकेक पोरगा गलाईला जाऊ लागला. माझा मामा सोळाव्या वर्षी गेला. दहावीची परीक्षा दिली, निकाल लागायच्या आधीच गावातल्या एकाच्या बरोबर कोइमतूरला गेला. तो पास झाला होता, पण ते त्याला कोइमतूरला पोस्टकार्डाने कळले. ते पोस्टकार्ड त्याने जपून ठेवले होते. मी ते पाहिले आहे. त्यावर आजोबांनी दुसऱ्या कुणाकडून लिहून घेतले होते, कारण आजोबांना लिहायला येत नव्हते.

मी दुसरीत असताना उन्हाळ्याच्या सुटीत आई, बाबा आणि मी कोइमतूरला गेलो होतो. मिरजेहून रेल्वेने बंगळूर आणि तिथून दुसऱ्या रेल्वेने कोइमतूर. मामाचे दुकान एका बोळात होते. मला वाटले होते की सोन्याचे दुकान म्हणजे चकचकीत असेल. पण ती एक काळी खोली होती. भिंती काळ्या, छत काळे, मधोमध भट्टी आणि भट्टीला वारा घालणारा पंखा. भिंतीवर शिवाजी महाराजांचा फोटो होता, तोही काळवंडला होता. मामा रोज सकाळी त्याची काच पुसायचा.

मामाने मला दारात उभे करून सोने कसे शुद्ध करतात ते दाखवले. आत येऊ दिले नाही. सोनाराकडून मोडीचे दागिने येतात. त्यात तांबे वगैरे मिसळलेले असते. ते दागिने चांदीबरोबर मुशीत वितळवतात. मूस म्हणजे भट्टीत टिकणारे भांडे. मग तो रस पाण्यात ओततात. चर्र असा मोठा आवाज होतो आणि त्याचे दाणे होतात. मग ते दाणे तेजाबात टाकून तापवतात. चांदी, तांबे सगळे तेजाबात विरघळते. सोने विरघळत नाही, ते तळाला राहते. पण तेव्हा ते पिवळे नसते! तपकिरी माती असते नुसती. मी म्हणाले, "मामा, माती झाली." तर मामा लई हसला. म्हणाला, "हीच माती हाय बघ. हिच्यासाठी आलो घरदार सोडून." मग ती माती धुऊन, वाळवून, टाकणखार घालून परत वितळवली की पिवळे धमक सोने होते.

सोनारांच्या दुकानातला केरसुद्धा मामा विकत घ्यायचा. केर जाळून, धुऊन त्यातूनही सोन्याचे कण काढायचा. आईला हे ऐकून हसू आले. ती म्हणाली, "घरी कधी केरसुणी हातात घेतली न्हाईस आन् हितं केर इकत घेतोस व्हय?"

तेजाब तापले की त्यातून तांबूस पिवळा धूर निघे. त्याचा वास नाकात शिरला की डोळ्यांतून पाणी येई. मामा तोंडाला उपरणे बांधायचा आणि मला ओरडायचा, "मागं सर, मागं सर." तो मला एरवी कधीच ओरडला नाही. फक्त धूर निघाला की ओरडायचा.

तिथेच त्याने मला तामीळ आकडे शिकवले. ओण्णु, रेंडु, मूणु, नालु, अंजु. पाण्याला तण्णी म्हणतात. आणि 'वा' म्हणजे ये. त्यामुळे मामी स्वयंपाक चांगला झाला की मी 'वा' म्हणायचे आणि शेजारची तामीळ बाई दारातून आत यायची. तिसरीत एकदा गुरुजींनी पाढा विचारला तेव्हा मी चुकून चारला नालु म्हणाले होते. तेव्हा तुम्ही सगळे हसला होता. गुरुजींनी मात्र ते आकडे फळ्यावर लिहून घेतले होते.

परत येताना मामाने मला एक फुटकी मूस दिली. तिला चीर गेली होती म्हणून ती भट्टीत चालत नव्हती. ती माझ्याजवळ आहे. मी तिच्यात पेन्सिली ठेवते.

मामा वर्षातून दोनदा यायचा, दिवाळीला आणि चैत्रात गावच्या जत्रेला. जत्रेला सगळेच गलाईवाले येतात. एरवी त्या गावात म्हातारी माणसे आणि बायकाच जास्त असतात. जत्रेत एकदम गाव भरते आणि तामीळ, मल्याळम, बंगाली अशा सगळ्या भाषा बोलणारी पोरे पारावर दिसतात. मामा मला खांद्यावर बसवून पालखीपुढे नाचायचा. मी तिसरीत गेले तरी बसवायचा. आजी म्हणायची, "अरं, घोडी झाली ती." मामा म्हणायचा, "माझ्याकडं दोनच महिनं हायत वरसात. बसू दे."

आता टेंभूची गोष्ट. मागच्या वर्षी जत्रा झाल्यावर मामा चार दिवस आमच्याकडे राहायला आला होता. एके दिवशी मला म्हणाला, "चल बाय, तुला गंमत दाखवतो." आम्ही दोघेच कराडला गेलो आणि तिथून रिक्षाने टेंभूला. गोपाळ गणेश आगरकर यांचा जन्म या टेंभू गावी १४ जुलै १८५६ रोजी झाला. हे मला परिपाठात सांगितलेले आठवत होते, म्हणून मी मामाला सांगितले. मामा म्हणाला, "व्हय, पण आपण दुसरं बघायला आलोय."

टेंभूला कृष्णा नदी अडवली आहे. तिथून पंपाने पाणी उचलून मोठ्या मोठ्या पाइपांतून वर चढवतात. मग कालव्याने पुढे न्यायचे, परत उचलायचे, परत पुढे न्यायचे. असे टप्प्याटप्प्याने ते पाणी कडेगाव, खानापूर, आटपाडीला जाते. तासगाव, कवठेमहांकाळ आणि सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्यालाही जाते. याचे काम १९९६ साली सुरू झाले. म्हणजे मामा तेव्हा कोइमतूरला भट्टीवर शिकत होता. त्याच्या शिवारात पाणी आले तेव्हा मी बालवाडीत होते आणि मामाचे केस पांढरे व्हायला लागले होते.

ते पाइप एवढे मोठे आहेत की आपला अख्खा वर्ग त्यात उभा राहील. मामा एका ठिकाणी उभा राहून पाइपांकडे बघतच राहिला. पहिल्यांदा बघितल्यासारखा. मी म्हणाले, "मामा, मी इथे कागदाची होडी सोडली तर ती आजीच्या रानात येईल का?" तो म्हणाला, "पंपात चक्काचूर व्हईल की गं." मग थोडा वेळ थांबून म्हणाला, "पर कागदाचा चुरा यील बघ."

मग आम्ही नदीकडेला बसून भजी खाल्ली. मामा खोकत होता. त्याला तेव्हाच खोकला होता. खोकून झाल्यावर तो म्हणाला, "लई फिरलो बघ मी. मी मेल्यावर माझी राख नदीला सोडू नका म्हणावं. नदीला सोडली की परत फिरायचं आलं. आपल्या रानात टाका. आता पाणी आलंय तितं."

मी म्हणाले, "असं बोलू नये."

तो हसला. "आगं, गंमत केली. आक्काला सांगू नगंस हां. रडंल उगंच." आक्का म्हणजे माझी आई. मी शपथ घेतली. विद्येची शपथ.

आई, हे मी तुला सांगितले नव्हते.

दिवाळीला मामा आला तो दोन पावले चालला की बसायचा. त्याला दवाखान्यात ठेवले. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसे खराब झाली आहेत. धूर फार पोटात गेला असे आजी म्हणते. मला एकदाच भेटायला नेले. मामाच्या तोंडाला प्राणवायूची नळी होती. मी आत गेले तर तो हाताने खुणा करू लागला. नर्सबाईंना वाटले त्याला पाणी हवे आहे. पण तो बोटे दाखवत होता. एक, दोन, तीन. मला समजले. मी म्हणाले, "ओण्णु, रेंडु, मूणु." त्याने चौथे बोट दाखवले. मी म्हणाले, "नालु." पाचव्याच्या आधी त्याला खोकला आला आणि मला बाहेर नेले.

त्यानंतर बारा दिवसांनी तो वारला.

त्या दिवसाचे मी फार लिहीत नाही. खूप माणसे आली होती. लांबलांबचे गलाईवाले रात्रभर प्रवास करून तिसऱ्या दिवसापर्यंत पोचले. मामाचा मुलगा सहा वर्षांचा आहे, त्याला काही समजत नव्हते. तो मला विचारत होता की बाबा कोइमतूरला गेले का. मी त्याला खोटे सांगितले नाही आणि खरेही सांगितले नाही. त्याला गोट्या खेळायला घेऊन गेले.

तिसऱ्या दिवशी राख सावडायला पुरुष गेले. येताना रक्षा एका गाडग्यात घालून, वर फडके बांधून आणली. ते घरात आणत नाहीत म्हणून अंगणातल्या कडुनिंबाला टांगले. चुलतआजोबा म्हणाले, "गाडी सांगितलीय. उद्या सकाळी कराडला प्रीतिसंगमावर सोडायची." प्रीतिसंगम म्हणजे कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात ती जागा. तिथे यशवंतरावांची समाधी आहे. आपली सहल तिथेच गेली होती. सगळे हो म्हणाले. आई पण हो म्हणाली.

माझ्या पोटात गोळा आला. मामाने सांगितले होते की नदीला सोडू नका. पण त्यानेच सांगितले होते की सांगू नको. मला वाटले, मी शपथ मोडली तर माझी विद्या जाईल. आणि मोठ्या माणसांत मी कसे बोलणार? तिथे मामीसुद्धा बोलत नव्हती. मी गप्प बसले. जेवण वाढले तेव्हाही गप्प बसले.

रात्री मला झोप येईना. एका बाजूला आई, एका बाजूला मामी. मी हळूच उठून बाहेर आले. चांदणे होते आणि ते गाडगे थोडे हलत होते. मला भीती वाटली. पण मग वाटले, मामाच तर आहे. उंबऱ्यावर आजी बसली होती. ती झोपलीच नव्हती. म्हणाली, "का गं, तहान लागली?" मी शपथेचा विचार केला. शपथ आईला न सांगण्याची होती. आजीला सांगायचे नाही असे मामा काही म्हणाला नव्हता.

मग मी आजीला सगळे सांगितले. टेंभू, पाइप, होडी, भजी, सगळे.

आजी कितीतरी वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आन् काय म्हणाला?"

मी म्हणाले, "लई फिरलो म्हणाला."

आजीने पदर तोंडाला लावला.

सकाळी गाडी दारात आली तेव्हा आजी म्हणाली, "न्यायची न्हाई." चुलतआजोबांना राग आला. ते म्हणाले, "पोरीच्या बोलण्यावर? रानात राख टाकून उद्या त्यातनंच पीक घ्यायचं व्हय?" दुसरे कोणी म्हणाले की हल्ली पुष्कळ लोक शेतातच रक्षा टाकून त्यावर झाड लावतात, नदी घाण होत नाही. बोलाचाली झाली. सगळे माझ्याकडे बघत होते. मी आईच्या मागे लपले. मामी एकदम मला म्हणाली, "मला का नाही बोलले ते? तुलाच बरे बोलले." मला काय बोलावे ते समजेना. मामी रागावली होती का ते मला अजून समजलेले नाही.

शेवटी आजीच म्हणाली, "निम्मी निम्मी करा. त्याचं बी ऐका आन् माझं बी मन राहू द्या. मला किस्नामाईत सोडल्याबिगर चैन पडायचं न्हाई."

निम्मी राख कराडला गेली. निम्मी आम्ही रानात नेली. बांधाजवळ बाबांनी खड्डा काढला. मामाच्या मुलाने त्यात राख टाकली आणि आजीने आंब्याचे रोप लावले. मी कळशीने पाणी घातले. कालव्याला त्या दिवशी पाणी नव्हते, विहिरीचे घातले. सगळ्या मुलांना मी घालू दिले नाही, फक्त मामाच्या मुलाला दिले.

घरी आल्यावर मला वाटत राहिले की मी मामाचे ऐकले का नाही? निम्मे ऐकले. पण त्याने निम्मे सांगितले नव्हते, नदीला सोडूच नका असे सांगितले होते. मी आदल्या दिवशीच सगळ्यांसमोर बोलले असते तर कदाचित सगळी रानात गेली असती. हे मी कुणाला म्हटले नाही. तिसरीत आपल्याला सातारा जिल्ह्याचा नकाशा होता, तो मी काढला. त्यात कृष्णा नदीवर बोट फिरवले. कराडला संगम आहे आणि टेंभू त्याच्या खालच्या अंगाला आहे. म्हणजे प्रीतिसंगमावर जे सोडले ते वाहत टेंभूलाच येणार. आणि टेंभूचे पाणी तर पंपाने वर जाते!

मी नकाशा घेऊन बाबांकडे गेले आणि त्यांना विचारले. ते गोठ्यात धार काढत होते. त्यांनी नकाशाकडे बघितले, मग माझ्याकडे बघितले. म्हणाले, "सगळं पाणी काय वर जात नाही बाळ. बरंच पुढं सांगलीकडं जातं."

मी म्हणाले, "पण थोडं जातं ना?"

बाबा म्हणाले, "थोडं जातं."

मागच्या रविवारी आजीचा फोन आला होता. कालव्याला पाणी सुटले आहे आणि रोपाला दोन नवी पाने आली आहेत. तांबूस आहेत म्हणाली. मामाच्या मुलाने पाने मोजून मला फोनवर सांगितली, ओण्णु, रेंडु. सुटीत मी जाणार आहे. फुटकी मूस बरोबर नेऊन त्याला दाखवणार आहे, पण द्यायची की नाही ते अजून ठरवलेले नाही.

इयत्ता ४ थी